भाद्रपदांच्या चौकोनाखालून

ताई,

फोनवर हे जमलं नसतं. फोनवर तू आधी कापसाचा भाव विचारतेस, मग माझी शुगर, आणि मुद्द्यावर येईस्तोवर तुझ्या दारात कुणीतरी येऊन उभं राहतं.

हॅलेचा धूमकेतू येऊन गेला त्या १९८६ चा हिवाळा आठवतो? बाबांबरोबर आपण जागलीला जायचो. पोरीच्या जातीनं जागलीला जायचं नसते, असं आई म्हणायची. पण रानडुकरं हाकलायला तुझ्याइतका खणखणीत आवाज घरात कुणाचा होता? मी टिनाचा डबा वाजवता वाजवता झोपून जायचो. तू मचाणावर उताणी पडून राहायचीस. भाद्रपदा नक्षत्रांचा चौकोन तूच शोधलास, हाताशी पंचांगाशिवाय काही नसताना. त्याच्या कोपऱ्यावरून उत्तरेकडे सरकत एका धुकट डागावर थांबलीस आणि मला हलवून उठवलंस. "तो पुसल्यासारखा डाग पाय. आपल्याच गंगेतला हाय, का तिच्या बाहेरचा?"

दहावीनंतर तुझी शाळा सुटली होती. म्हणालीस, सरांना विचार. मी विचारलं. विचारताना 'माझी ताई म्हणते' एवढे तीन शब्द गिळले. सरांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. संध्याकाळी तू भाकर थापत होतीस. "इचारलं का?" "बाहेरचा आहे म्हणाले." "मंग बराबर," म्हणालीस आणि तवा उतरवलास. टाळ्यांचं मी आजपर्यंत बोललो नाही. त्या चारचौघांत पडल्या होत्या, म्हणून कबुलीही चारचौघांत, छापून.

तुझ्या प्रश्नाची उंची मला फार उशिरा कळली. १९२० साली अमेरिकेत शॅपली आणि कर्टिस हे दोन खगोलशास्त्रज्ञ नेमके याच प्रश्नावर जाहीर वाद घालून बसले होते, आणि निकाल लागला नव्हता. १९२३ मध्ये हबलनं त्या डागात, आपल्या देवयानीत, उजेड कमी-जास्त करणारा एक तारा पकडला. त्यावरून अंतर काढलं आणि डाग बाहेरचा, म्हणजे आपल्या गंगेसारखीच दुसरी दीर्घिका ठरला. आज ते अंतर २५ लाख प्रकाशवर्षं धरतात. पण मोजायची पट्टी कुणाची? हेन्रिएटा लेव्हिटची. हार्वर्डच्या वेधशाळेत तासाच्या मजुरीवर फोटोंच्या काचा तपासणारी बाई. अशा ताऱ्यांचा नियम तिनं १९१२ मध्ये मांडला. हबलचा तारा सापडला तेव्हा ती जगात नव्हती. हे वाचलं त्या रात्री मला टाळ्या ऐकू आल्या, ताई.

पुण्यात कुणाला कारंजा सांगितलं की विचारतात, लाडाचं? नाही हो, घाडग्यांचं, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं. दीर्घिकांचेही असेच पत्ते असतात. आपली आकाशगंगा आणि देवयानी एका लहानशा वस्तीतल्या, आणि ही वस्ती कन्या राशीतल्या मोठ्या गुच्छाच्या वेशीबाहेर. खरी महानगरं लांब आहेत. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतल्या जॉयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं एक महानगर सापडलं, ४३ गुच्छांचं, ४०० कोटी प्रकाशवर्षांवर. नाव ठेवलं सरस्वती. कुठे आहे माहीत आहे? तुझ्या चौकोनाच्या थेट खाली, मीन राशीत. साध्या डोळ्यांना तिथे काळोखच दिसतो.

आणखी खाली, दक्षिणेला, एबल २७४४ नावाचा गुच्छ. तो मुळात एक नव्हेच. किमान चार गुच्छ एकमेकांवर आदळून झालेला. आदळून म्हणजे तसं नव्हे. दिवेलागणीला दोन कळप एकमेकांतून जातात तेव्हा गाईला गाय क्वचितच लागते, पण धुळीचा लोट मधेच अडकून राहतो. दीर्घिका अशाच पार निघून जातात, आणि त्यांच्यामधला तापलेला वायू मागे खोळंबतो. या गुच्छाचं वजन इतकं की मागून येणारा उजेड त्याच्यापाशी वाकतो आणि मागच्या वस्तू मोठ्या दिसतात. २०२५ मध्ये राशी जैन आणि योगेश वाडदेकर या पुण्याच्याच दोघांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत त्याच्या मागे एक दीर्घिका ओळखली. दोन सर्पिल भुजा, मुठीत धरल्यासारख्या रेखीव. विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचं होतं तेव्हाची ती. त्या वयात दीर्घिका वेड्यावाकड्या, ढेकळांसारख्या असायच्या असा समज होता. ही मात्र नीट वेणी घालून बसलेली. अलकनंदा म्हणतात तिला. राशी तेव्हा पीएचडी करत होती. बातमीत तिचं नाव पहिलं होतं, हे मी दोनदा वाचून पाहिलं.

तर देवयानी, सरस्वती, अलकनंदा, तिन्ही त्याच पट्ट्यात, आपल्या धुऱ्यावर उभं राहून दिसायचं तेवढ्याच आभाळात. तू एकीवर थांबलीस. पुढे जायला तुला कुणी दिलं नाही, आणि त्या 'कुणी'त मी आहे. तरी एकदाही बोलली नाहीस. काहून वं? ठाऊक होतं का तुला?

हायवे चौपदरी झाल्यापासून रस्त्याकडचं आभाळ पिवळं पडलंय. वावराच्या मागच्या बाजूला अजून काळोख आहे. देवयानी मला परवाच दिसली. पुढच्या आठवड्यात अमावास्या आहे आणि मोटारीला लाइन रात्रीची, म्हणजे मी तसाही जागाच असेन. ये. नातीलाही आण. चहाचा थर्मास मात्र तुझ्याकडचा आण, आमचा पाझरतो.

तुझा,
बाळू