कोणत्या सालची घ्यायची?

भाजी घेताना आई विचारते, “ताजी आहे ना?” तांदळाचं मात्र उलट. तो जुना असला तर बरा. आणि गाडी? नवी घ्यावी, असं तुम्ही म्हणाल आणि तुमचे बाबाही तेच म्हणतील. पण काही गाड्या अशा असतात, की त्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘केवढ्याला?’ हा नसतोच. ‘कोणत्या सालची?’ हा असतो. गेल्या दिवाळीनंतर दोन महिने आमच्या धाराशिवच्या घरात चहापासून जेवणापर्यंत हाच एक प्रश्न होता.

हे वेड फक्त आपल्याकडचं नाही बरं का! इंग्लंडच्या जॅग्वार कंपनीची ‘ई-टाइप’ नावाची एक स्पोर्ट्स कार होती. लांबलचक नाक, बसकी पाठ. ती आली १९६१ साली. सुरुवातीच्या गाड्यांत पायाखालचा पत्रा सपाट होता, त्यामुळे उंच माणूस अगदी अवघडून बसायचा. १९६२ मध्ये कंपनीने तो पत्रा खोलगट केला. १९६४ मध्ये इंजिन ३.८ लिटरचं ४.२ लिटरचं झालं, गिअर टाकणं सोपं झालं, खुर्च्याही सुधारल्या. म्हणजे घ्यायची तर नंतरची घ्यावी, नाही का? पण शौकीन लोक जास्त पैसे मोजतात ते त्या अवघडवणाऱ्या पहिल्या गाड्यांसाठी!

आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुठली आलीय स्पोर्ट्स कार? आमच्या वेळी पोरांची स्पोर्ट्स कार दोन चाकांची होती. तिचं नाव यामाहा आरएक्स १००.

तुमच्या बाबांना किंवा मामांना हे नाव नुसतं ऐकवा आणि त्यांचा चेहरा बघा. १९८४ ते १९८६ या काळात आपल्या देशात शंभर सीसीच्या चार जपानी जातीच्या मोटारसायकली आल्या. इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आणि कावासाकी बजाज. यामाहाची आरएक्स काढली राजदूत बनवणाऱ्या एस्कॉर्ट्स कंपनीने, १९८५ च्या अखेरीस. हिरो होंडा सीडी १०० ची ताकद सात-साडेसात अश्वशक्ती, तर आरएक्सची अकरा. कारण तिचं इंजिन टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल दोन फेऱ्यांत एकदा पेटतं, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. म्हणून आरएक्स मूठ पिळली की उसळायची. पेट्रोलही तसंच प्यायची आणि मागे निळसर धूर सोडायची, कारण तिच्यात इंधनाबरोबर ऑइलही जळतं. १९९६ च्या एप्रिलपासून धुराचे नियम कडक झाले आणि आरएक्स १०० बंद पडली.

म्हणजे साधारण अकरा वर्षांचा हिशेब. त्यातलं कोणतं साल निवडायचं?

आता आमच्या दादाची गोष्ट सांगतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने १९९२ साली लाल रंगाची आरएक्स घेतली, तेव्हा तो उमरग्याला नोकरीला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी तुम्ही पुस्तकात वाचलं असेल, पण आपल्या जिल्ह्यातलं सास्तूरही त्याच पहाटे कोसळलं. त्यानंतर आठ-दहा दिवस दादा त्या गाडीवर औषधांची खोकी बांधून गावोगाव फिरत होता. जिथे जीप अडायची तिथे ही शंभर किलोची गाडी वाट काढायची. पुढे २०१२-१३ चा दुष्काळ आला. जनावरांना चारा नव्हता. दादाने गाडी विकली. त्याबद्दल तो घरात कधी एक शब्दही बोलला नाही. आता तो निवृत्त झालाय. यंदा सोयाबीनचे पैसे हातात आले आणि वहिनीच म्हणाली, “घ्या एकदाची. नाहीतर रस्त्यात दुसऱ्याची गाडी दिसली की मान वळवून बघत बसता.”

झालं! शोध सुरू झाला. दादा, मी, दहावीतला पुतण्या आणि आमचे गॅरेजवाले चाचा. चाचांनी आरएक्सची इंजिनं किती उघडली असतील, त्याची मोजदाद त्यांनाही नाही.

पहिली गाडी बार्शीला. मालक छातीठोकपणे म्हणाला, “शहाऐंशीचं मॉडेल, मेड इन जपान!” हे जपानचं प्रकरण काय आहे माहीत आहे? सुरुवातीच्या गाड्यांचे सुटे भाग जपानहून आले आणि इथे जोडले गेले. मग हळूहळू एकेक भाग भारतात बनू लागला. त्यामुळे जितकी आधीची गाडी, तितकं जपानी लोखंड जास्त, आणि तितकी किंमत जास्त. त्या गाडीच्या सिलिंडरवर ‘मेड इन जपान’ अशी उठावाची अक्षरं खरंच होती. दादाचे डोळे चमकले. पुतण्या मात्र मागे जाऊन नंबरप्लेट बघत होता. तिच्यावर ‘एमएच १३’ होतं.

तुम्ही असता तर काय ओळखलं असतं? एमएच १३ म्हणजे सोलापूर, एमएच २५ म्हणजे आपण, हे तुम्हाला पाठ असेल. पण ही पद्धत १९८९ च्या जुलैत सुरू झाली. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत. मग शहाऐंशीच्या गाडीला एमएच १३ कसा? परराज्यातून इथे आणली असेल, तर शक्य आहे. पण मालक म्हणाला, पहिल्यापासून सोलापूर जिल्ह्यातच आहे! चाचांनी खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. हँडलखाली चासीच्या मानेवर नंबर कोरलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की नंबर उमटतो, आपण नाण्याचा छाप घेतो ना, तसा. तो आरसी बुकाशी ताडून बघितला. नंबर जुळला, गाडी चोरीची नव्हती. पण बुकात साल होतं १९९०. म्हणजे शहाऐंशीचा होता तो एक सिलिंडर. बाकी सगळी गाडी नव्वदची, आणि भाव मात्र लाखाच्या वर!

चाचा परतीच्या वाटेवर म्हणाले, “बेटा, साल दोन ठिकाणी असतं. कागदावर आणि लोखंडात. दोन्हीकडं एकच निघालं तर बोलायचं.”

दुसरी गाडी उमरग्याची. लाल! दादा तिच्याभोवती दोन वेळा फिरला, सीटवरून हात फिरवला. बुक बघितलं तर उत्पादन डिसेंबर १९९१, नोंदणी जानेवारी १९९२. आता हिला कोणत्या सालची म्हणायचं? विकणारा नवं साल सांगतो, कारण साधी जुनी गाडी जितकी अलीकडची तितकी महाग. आरएक्सवाले उलट जुनं साल सांगतात! तुम्ही मात्र बुकातल्या दोन्ही तारखा वाचा.

मालक भला माणूस होता. त्याने इंजिनाचं हेड उघडू दिलं. आता जरा गणित. आरएक्सच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची चालही ५० मिलिमीटर. त्रिज्या अडीच सेंटिमीटर, उंची पाच सेंटिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र वापरा. उत्तर येतं ९८ घन सेंटिमीटर. हेच ते ‘सीसी’. पण सिलिंडर आतून झिजतो, तेव्हा तो थोडा कातून मोठा करतात आणि मोठा पिस्टन बसवतात. याला म्हणतात बोअर करणं. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक. इथवर संपलं. पुढे सिलिंडरच बदलायचा, किंवा आत नवी स्लीव्ह ठोकायची. उमरग्याच्या पिस्टनवर शंभरचा आकडा होता, म्हणजे पूर्ण एक मिलिमीटर वाढलेला. ५१ मिलिमीटर व्यासाने घनफळ काढून बघा, १०२ येईल. हंड्रेड सीसी खरोखरच शंभरीच्या पुढे गेलेली! चाचांनी हळूच मान हलवली.

तिसरी गाडी तुळजापूरची, १९९६ ची, अगदी शेवटच्या गाड्यांपैकी. काळी, रंग उडालेला, टाकीला पोचा. शौकिनांना या सालाचं फारसं कौतुक नसतं. जपानी अक्षर शोधून सापडायचं नाही. पण मालक पहिल्यापासून एकच. बोअर एकदाच केलेलं, त्याची पावतीसुद्धा जपून ठेवलेली. सीटखाली कंपनीची पान्यांची पिशवी होती! नंबर जुळला, साल जुळलं, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावी लागते ती फेरनोंदणीही वेळच्या वेळी केलेली. ती चुकली तर दंड, हेलपाटे, आणि गाडी कायदेशीरपणे रस्त्यावर आणताच येत नाही.

त्या रात्री घरात वाद झाला. पुतण्याला हवी होती बार्शीची, मित्रांना ‘मेड इन जपान’ दाखवायला. मला वाटत होतं दादाने उमरग्याची घ्यावी. तीच लाल, तेच साल. इंजिनाचं काय, करून घेता येईल. मी तसं बोलूनही दाखवलं.

चाचांनी दादाला विचारलं, “तुमी गाडी कशाला घ्यायलाव, ते आधी सांगा. बघायला, का विकायला, का चालवायला?”

“चालवायला,” दादा म्हणाला. “रोज शेतात जायचंय.”

“मग शेवटची घ्या. तिला लागंल तो सामान इथं भेटतो.”

दादा जरा वेळ गप्प राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “ब्याण्णवची गाडी माझी होती, ती गेली. ही लाल हाय म्हणून ती होणार हाय का? तिच्यावर बसलो की मला सास्तूर आठवंल रोज. मला शेतात जायचंय.”

यावर मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला त्याचं म्हणणं तेव्हा पटलं नव्हतं. आता थोडं पटतंय.

तुळजापूरची गाडी घरी आली. मालकी हक्क बदलायला परिवहन कार्यालयात अर्ज, विमा, धुराची तपासणी, हे सगळं रीतसर झालं. जुन्या बुकावर ‘उस्मानाबाद’ आहे. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, त्यामुळे आमच्या घरात आता एक कागद एका नावाचा, एक दुसऱ्या. दादाने रंग दिला नाही, पोचाही काढला नाही. फक्त टायर, ब्रेकचे लायनर आणि केबली नव्या टाकल्या. आणि नवं हेल्मेट घेतलं, ते वहिनीने स्वतः निवडलं. पुतण्याने सायलेन्सरची आतली जाळी काढून आवाज वाढवायची परवानगी मागितली होती. ती मिळाली नाही.

गिअरची गाडी चालवायला अठरा वर्षं पूर्ण लागतात, तुम्हाला माहीत आहेच. पुतण्या साडेपंधराचा आहे. सध्या त्याच्याकडे ऑइलच्या टाकीचं खातं आहे. टू-स्ट्रोकचं ऑइल संपलं तर पिस्टन जाम होतो, म्हणून दर रविवारी पातळी बघायची आणि वहीत लिहायची. त्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने चासी नंबरचा पेन्सिलचा छाप चिकटवलाय आणि खाली बारीक अक्षरांत अठरा व्हायला किती दिवस उरलेत ते लिहिलंय. रोज एक आकडा खोडतो.