छपरावर चालतं, उंबऱ्यावर बाटतं

माझ्या बापाने गावातल्या झाडून साऱ्या मोठ्या घरांच्या डोक्यावर पाय ठेवला. आत मात्र एकाही घरात नाही.

बा कवेलू फेरायचा. चैत सरला की मिरगापर्यंत हेच काम. गाव आमचं मालेगावकडचं. तेव्हा अकोला जिल्हा होता, वाशिम जिल्हा झाला तो पुढे, 1 जुलै 1998 ला. गावात स्लॅब एकही नव्हता. आमच्या बौद्धपुऱ्यात कुठे पऱ्हाटीचं छप्पर, कुठे मातीचं धाबं. कवेलू होते ते वाड्यांवर. कुंभाराने चाकावर नळी ओढायची, ओली असतानाच उभी चिरायची, भाजायची. एक ओळ उताणी, तिच्या जोडावर दुसरी पालथी. ना खिळा, ना चुना. नुसत्या वजनावर बसलेली. मग वानरं उड्या मारतात, मांजरं फिरतात, लिंबाचा पाला अडकतो, आणि जिथे पाला अडकतो तिथे शेवाळ धरतं. म्हणून दरसाल सगळं छप्पर हातातून काढावं लागतं. फुटका बाजूला, साजरा जागेवर.

1974 च्या उन्हाळ्यात बाने मला पहिल्यांदा वर नेलं. मी बारा वर्षांचा. पोरगं हलकं, कवेलू फुटत नाही, एवढंच कारण. बा खालून सांगायचा,

"पाय वाश्यावर ठिव. कवेलवाच्या पाठीवर नको. शेवाय दिसलं का आंधी खरड, मंग पाय ठिव. अन् वरून खालतं खरड. खालून वरतं खरडलं तं कवेलू उचकते."

उन्हाळ्यात शेवाळ काळं पडलेलं असतं. वाटतं, मेलं. विळ्याच्या पाठीने खरडलं की पापुद्रा निघतो. उत्तरेकडच्या पाख्यावर, लिंबाच्या सावलीत, ते बोटभर जाड असायचं. खरडलेल्या कवेलवावर बा विळ्याचा दांडा वाजवून पाहायचा. खणखणला तर चांगला. भद्द वाजला तर आतून कुजला. असा कवेलू दिसायला धड असतो, पण पहिल्या झडीत गळतो.

त्या दिवशी पाटलाच्या वाड्याचं माजघर उघडं केलं होतं. कवेलू काढले आणि मला खाली घर दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वाडा आतून पाहिला, तो वरून. देव्हारा दिसला, पितळेची समई दिसली, उतरंड दिसली, आणि बरोबर माझ्या पायाखाली पाण्याचा माठ दिसला. मी पाहत राहिलो. हातातला शेवाळाचा पापुद्रा सुटला. माठात पडला.

पाटलीनबाईंनी माठ उचलून अंगणात फोडला. बाची दोन दिवसांची मजुरी कापली. माठाचे पैसे वेगळे.

बा काही बोलला नाही. दुपारी आम्ही खाली उतरलो. अंगणाच्या कोपऱ्यात उकिडवे बसलो, ओंजळ धरली, आणि बाईंनी हातभर उंचावरून पाणी सोडलं. अर्धं कोपरावरून गळून गेलं. घरी जाताना बा म्हणाला, "पानकाळ्यात पाय तू. याच पाख्याचं पाणी पन्हाळीतून त्यायच्या हौदात जाते. आपल्या पायाखालचं पाणी. त्याले काई होत नाई."

मित्रांनो, जातीचं शास्त्र मला पुस्तकातून नंतर कळलं. आधी ते मला छपरावरून दिसलं. आपल्या पायाला विटाळ नसतो. त्यांच्या गरजेप्रमाणे तो येतो आणि जातो. छपरावर चालतं, उंबऱ्यावर बाटतं.

बाने 1956 ला नागपुरात दीक्षा घेतली होती. परत आल्यावर मेलेली ढोरं ओढणं सोडलं. जोहार सोडला. देव टोपलीत घालून नदीत सोडले. पण कवेलू फेरणं सोडलं नाही. 1972 ला मुंबईत पँथर निघाली आणि दोन-तीन वर्षांत तिची हवा आमच्या खेड्यापर्यंत आली. अकोल्याला शिकणारा एक कार्यकर्ता सुटीत आला. पुऱ्यात बैठक झाली. तो बाला म्हणाला, "काका, लोकांची छपरं झाडणं सोडा. ही गुलामी आहे."

बा बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "छप्पर नाई सोडाचं बापू. ते कसब हाये माह्यं. ओंजय सोडाची."

आणि त्याने ती सोडली. दुसऱ्या दिवशी घरून जर्मनची किटली भरून नेली, सोलाने बांधून वर ओढून घेतली. भर दुपारी, वाड्याच्या आढ्यावर बसून, गावादेखत तो पाणी प्याला. त्या साली दोन घरांनी त्याला कामाला बोलावलं नाही. "लय माजला," म्हणाले. घरात आमची भाकर कमी झाली. पण किटली बंद झाली नाही.

मी हे लिहितो ते बाची आरती ओवाळायला नाही. पुढचंही लिहितो.

1979 ला मिरगाआधीच पाऊस झाला. वाड्यावर लग्न होतं. मालकाचा निरोप आला, मांडव पडायच्या आत उत्तरेचं पाखं झालंच पाहिजे. बा म्हणाला, शेवाळ ओलं आहे, दोन दिवस उघाड पडू द्या. निरोप परत तोच. बा चढला. उन्हाळ्यात मेल्यासारखं दिसणारं शेवाळ एका पावसात हिरवं होतं आणि साबणासारखं निसरडं होतं, हे गावात सगळ्यात जास्त त्यालाच ठाऊक होतं. तरी चढला, कारण आदल्या साली दोन घरं आणखी तुटली होती. वळचणीवरून खाली दगडी ओट्यावर पडला. खुबा मोडला. वाड्यातून दोन पायल्या ज्वारी आली. पाख्यावर दुसरा माणूस चढला. लग्न झालं.

बा पुढची अकरा वर्षं बाजेवर नाहीतर काठीवर होता. आमच्या स्वतःच्या घराचं छप्पर दरसाल पहिला पाऊस पडून गेल्यावर शाकारलं जायचं, कारण मिरगाआधीचे सगळे दिवस वाड्यांचे. आता त्याला सगळे दिवस मोकळे होते आणि चढता येत नव्हतं. मी चढायचो, तो खालून सांगायचा.

मी पुढे शिकलो, मास्तर झालो, पोरांना विज्ञान शिकवलं. मग शेवाळाचा हिशेब लागला. शेवाळाला खरी मुळं नसतात, केसासारखे तंतू असतात. त्यामुळे त्याला जमीन लागत नाही. दगड, वीट, कवेलू, काहीही चालतं. ते वाळतं पण मरत नाही, पाण्याची वाट पाहत पडून राहतं. पाणी स्पंजासारखं धरून ठेवतं, त्याने कवेलू ओला राहतो, खालचा वासा कुजतो, उधई लागते. जोडात वाढलं की पाणी अडतं आणि पालथ्या कवेलवाखालून उलटं आत शिरतं. बाने हे सगळं पुस्तकाशिवाय पाहिलं होतं. आढ्यावर जिथे जस्ती पत्रा ठोकलेला असे, त्याच्या खालच्या पट्ट्यात शेवाळ धरत नाही, हेही त्यानेच मला दाखवलं होतं. कारण मला पुढे कळलं. पावसाबरोबर जस्त थोडं थोडं उतरतं आणि ते शेवाळाला सोसत नाही. तांबंही सोसत नाही. आपल्याकडच्या संत्र्याच्या बागांत बुंध्याला मोरचूद आणि चुना लावतात, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. बुरशी मारणारं त्यातलं ते तांबंच. पण म्हणून मोरचूद छपरावर ओतू नका. टिनाचं जस्त तो खातो आणि वाहून विहिरीत गेला तर पाणी नासवतो.

आता कवेलू राहिले कुठे? 1985 ला इंदिरा आवास आली, 2016 ला तिची प्रधानमंत्री आवास झाली, आपल्यासाठी रमाईच्या नावाची योजना आली. 2016 ला सपाट भागातल्या घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये आणि किमान 25 चौरस मीटर जागा ठरली. तेवढ्यात स्लॅब कसाबसा पडतो. त्याला उतार देणं, वरून पाणी न मुरणारा थर देणं, हे राहून जातं. माणसं म्हणतात, स्लॅब पडला, सुटलो. सुटत नाही. पाला अडकून पाण्याची वाट बुजते, डबकं साचतं, काळा थर धरतो. ओल बारीक चिरांतून लोखंडापर्यंत जाते. लोखंड गंजून फुगतं आणि आतून सिमेंटचा पोपडा निजलेल्या पोराच्या अंगावर पडतो. बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या भिंतीवर ओल उतरलेली मी किती घरांत पाहिली आहे.

आता माझं सांगतो. हे सांगायलाच लिहायला बसलो.

वाशिमला माझं घर आहे. स्लॅबचं. तीनेक वर्षांपूर्वी स्लॅब काळा पडला, जिन्याजवळ घसरायला लागलं. मी नाक्यावरून एक पोरगा आणला. वीस-बावीसचा असेल. जात विचारली नाही, आपण विचारत नाही. मे महिन्यातलं ऊन. तो वर खरडत होता, मी खाली पंख्याखाली वाचत होतो. दुपारी खिडकीतून पाहिलं तर तो अंगणातल्या नळाशी उकिडवा बसून पाणी पीत होता.

ओंजळीने.

आमच्या घरात कोणी त्याला मनाई केली नव्हती. पण आत ये, बस, असंही कोणी म्हटलं नव्हतं. फ्रिजमधलं पाणी आम्ही पीत होतो. मी दार उघडलं, आत बोलावलं. तो दारातच थांबला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही आपलेच हाये काय? जयभीम. मले वाटलं, मोठ्या लोकायचं घर हाये."

मोठ्या लोकायचं घर! बाने ज्या ओंजळीपायी दोन घरांचं काम घालवलं, ती माझ्या अंगणात आली होती. मी आणली होती. न बोलता, पंख्याखाली बसून. आणि तो आपला निघाला म्हणून मला लाज वाटली, हीसुद्धा लाजच. आपला नसता तर मी उठलो असतो का? खिडकीला कठडा नसलेल्या स्लॅबच्या कडेला तो वाकत होता, त्याच्या कमरेला दोर नव्हता. दोन पायल्या ज्वारी पाठवणाऱ्यापासून मी किती लांब होतो?

शेवाळाला मुळं नसतात म्हणून ते कुठेही धरतं. आपल्या घरावरही.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, चार सरळ गोष्टी. 14 एप्रिल ते 7 जून, 54 दिवस होतात. भीमजयंतीच्या पताका उतरवल्या की खराटे हाती घ्या. विहाराचा स्लॅब, पुऱ्यातल्या म्हाताऱ्या बायांची घरकुलं स्वतः झाडा. आधी कोरडं खरडा, पाण्याची वाट मोकळी करा, मग ब्लीचिंगच्या पाण्याने घासून धुवा, चिरा भरा, वाळल्यावर चुन्याचे दोन हात द्या. ब्लीचिंगमध्ये ॲसिड चुकूनही मिसळू नका, त्याचा वायू छातीत भरतो. ओल्यावर चढू नका. कमरेला दोर असल्याशिवाय कोणालाही चढवू नका.

आणि जे पोटासाठी चढतात त्यांची नोंद करा. 1996 च्या कायद्याने दुरुस्ती आणि देखभाल हेही बांधकामातच मोजलं. वर्षात 90 दिवस असं काम करणाऱ्या, 18 ते 60 वयाच्या मजुराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद होते. खेड्यात 90 दिवसांचा दाखला ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, देतो. कवेलू फेरणारा, स्लॅब खरडणारा माणूस स्वतःला कामगारच समजत नाही. त्याला ते सांगायला जा. भाषण नको, अर्ज घेऊन जा.

तो पोरगा दरसाल येतो. आता दोर मी धरतो. दुपारी आम्ही दोघं आत बसून जेवतो. यात मोठेपण काही नाही, उशीर मात्र फार झाला.

बाची किटली अजून माझ्याकडे आहे. बूड चेपलेलं आहे. पाणी राहतं.