वाफेला वाट

जुलैत रत्नागिरीत कोरडं असं काही राहत नाही. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, पापड सादळतात, दोरीवरचे कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीत. त्यामुळे मायक्रोवेव्हच्या दारातून पाण्याचे ओघळ दिसायला लागले, तेव्हा आईने आणि मी पावसालाच दोष दिला.

पण ते वाढतच गेलं. आमटी गरम केली की दाराची काच आतून धुरकट व्हायची, आतल्या छताला थेंब लोंबायचे. काचेची थाळी उचलली की खालच्या चाकांच्या कड्याभोवती पाणी साचलेलं असायचं. पुसायचं राहिलं की आंबूस वास. शेवटी आतून वाळेल तरी, म्हणून मी ओव्हन दोन मिनिटं रिकामाच चालवला. त्याच संध्याकाळी भात गरम करताना आत उजव्या बाजूला चटचट ठिणग्या उडाल्या. आई दचकून मागे सरली. मी प्लग काढला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाले दादा आले. आतल्या उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी दिसणारी एक पट्टी असते. ती अभ्रकाची. लहरी तिच्यामागून आत येतात. वाफेबरोबर उडालेलं तेल आणि अन्नाचे कण तिच्यावर बसले होते, ओल धरून जळले होते. त्यांनी पट्टी बदलली आणि मला बजावलं, ‘‘ताई, रिकामा कधी चालवू नका. लहरी शोषायला आत काही नसलं की त्या उलटून, त्या तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनवरच जातात.’’ वरचा पत्रा आपण उघडायचा नाही, हेही त्यांनी सांगितलं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब साठून राहू शकतो.

मग ते आईकडे वळले. ‘‘काकू, याचं धुराडं कुठाय, ठाऊक आहे?’’

ओव्हन कोनाड्यात, भिंतीला अगदी टेकवलेला. त्यावर आईने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल आणि धूळ बसू नये म्हणून त्याखाली प्लॅस्टिक. दोन्ही बाजूंच्या जाळ्या त्याने झाकून गेल्या होत्या.

दादांनी सोप्या शब्दांत उलगडून सांगितलं. मायक्रोवेव्हच्या लहरी सेकंदाला सुमारे 245 कोटी वेळा मागे-पुढे हेलकावतात. त्यांच्या ओढीने अन्नातल्या पाण्याचे रेणू हलतात आणि अन्न तापतं. ओव्हनच्या भिंती मात्र लहरींनी तापत नाहीत. त्यामुळे वाफ त्या गार पत्र्याला लागते आणि तिथेच तिचं पाणी होतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की तिला दीड लिटरहून जास्त जागा लागते. ती बाहेर घालवायला आत पंखा असतो, पण जाळ्याच बंद असल्या तर पंख्याने वाफ ढकलायची कुठे?

आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे गरम भाकऱ्या डब्यात भरून वर झाकण लावल्यासारखंच की!’’

तांदळाची भाकरी तव्यावरून उतरली की आई ती आधी टोपलीत उभी करून ठेवते. वाफ गेल्यावरच ती डब्यात जाते. नाहीतर झाकणाला पाणी सुटतं आणि खालची भाकरी लिबलिबीत होते. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. पावसाला बोल लावण्याआधी मला ती टोपली आठवायला हवी होती.

त्याच दिवशी आईने रुमाल काढून धुतला आणि रेडिओवर घातला. ओव्हन पुढे ओढून आम्ही मागे आणि बाजूला वीतभर जागा सोडली. आता अन्नावर आम्ही भोकाचं झाकण ठेवतो, म्हणजे शिंतोडे अडतात आणि वाफही कोंडत नाही. काम झालं की जुन्या धोतराच्या फडक्याने छत, भिंती, दाराची कड आणि थाळीखालचं कडं पुसतो. मग दार पंधरा मिनिटं उघडं ठेवतो.

दार उघडं असलं की आमच्या ओव्हनमधला दिवा जळत राहतो. म्हणून आई आधी भिंतीवरचं बटण बंद करते, फडकं वाळत टाकते आणि मगच जेवायला बसते. बाहेर पाऊस कोसळतच असतो. पण थाळीखाली आता थेंब सापडत नाही.