चावी ज्याच्या खिशात

सुरक्षेचे नियम नवख्यांसाठी असतात, असं मी कित्येक वर्षं मानत आले. तोंडाने तसं कधी म्हटलं नाही. उलट नर्सिंगच्या विद्यार्थिनी विभागात आल्या की भिंतीवरची नियमांची पाटी मीच त्यांच्याकडून वाचून घ्यायची. पण मनात पक्कं होतं की, ज्याचा हात कामावर बसलाय त्याला या सगळ्याची गरज नाही. आणि जो फार नियम सांगतो, तो काम टाळतो. हे मत बदललं कसं, ते लिहून ठेवावंसं वाटतं.

मी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात सीएसएसडीची इन-चार्ज सिस्टर आहे. शस्त्रक्रियेची उपकरणं धुऊन, निर्जंतुक करून परत पाठवणारा हा विभाग. आमच्याकडे एक कार्ट वॉशर आहे. माणूस उभ्याने आत जाईल एवढं मोठं धुण्याचं मशीन. ओटीतून आलेल्या ट्रॉल्या, सेटचे डबे, बेसिनं, स्टँड सगळं त्यात जातं. त्याला दोन दारं असतात. एक मळक्या बाजूला उघडतं, दुसरं स्वच्छ बाजूला, आणि दोन्ही एकदम उघडत नाहीत. आधी थंड पाणी, कारण सुरुवातीलाच गरम पाणी मारलं तर रक्त पत्र्यावर शिजून बसतं. मग अल्कली डिटर्जंट, मग खळखळून धुणं. शेवटी गरम पाण्याने जंतुनाश: 80 अंशांना 10 मिनिटं किंवा 90 अंशांना 1 मिनिट. उष्णतेने जंतू मारण्याच्या मापात दोन्हींचा हिशेब एकच येतो, ए-नॉट 600.

हे आकडे मला तोंडपाठ होते. 90 अंशांचं पाणी जंतूंचं काय करतं ते मी फळ्यावर लिहून शिकवत असे. तेच पाणी माणसाच्या कातडीचं काय करील, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. याची मला आजही लाज वाटते.

माझा अभिमान एकाच गोष्टीत होता: ओटीची पहिली केस आमच्यामुळे कधी अडली नाही. त्यासाठी मी माणसांना पळवत असे. डिटर्जंटचा कॅन बदलताना गॉगल शोधत बसलेल्या मावशींना मी ओरडले आहे. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं आणि निदान 15 मिनिटं डोळा पाण्याखाली धरावा लागतो, हे माहीत असूनही ओरडले आहे.

त्या सकाळी बाहेर आलेल्या ट्रॉल्यांच्या खालच्या कप्प्यात रक्ताचे सुकलेले डाग दिसले. मशीन चालवणारे मामा म्हणाले, "खालची जाळी तुंबली असणार सिस्टर, वरचा आर्म पण फिरत नाहीये." मी म्हटलं, लगेच साफ करा. थोड्या वेळाने ओटीचा फोन आला, आवाज चढलेला होता. मी तडक मळक्या बाजूला गेले. मामा आत गुडघ्यांवर बसून जाळी काढत होते आणि मशीनचं पॅनल काळंठिक्कर पडलेलं होतं.

"मामा, मेन कशाला बंद केलंत? टाकी परत तापायला किती वेळ जाईल!"

"झालंच सिस्टर, बाहेर आलो की चालू करतो."

मी थांबले नाही. मीच भिंतीवरच्या आयसोलेटरकडे, म्हणजे मेन स्विचकडे, हात नेला. मूठ वळेना. तिला पेटीला लावतात तसलं एक छोटं पितळी कुलूप होतं. माझा संताप झाला. मी चावी मागितली. मामा बाहेर आले, हातमोजे काढले आणि आवाज जराही न चढवता म्हणाले, "चावी माझ्या खिशात आहे, म्हणूनच मी आत जातो, सिस्टर."

मी गप्प झाले, ते त्यांच्या उत्तरामुळे नव्हे. माझा हात अजून त्या मुठीवर होता. दार उघडं असताना सायकल सुरू होत नाही, हे मला माहीत होतं आणि त्याच भरवशावर मी हात घातला होता. पण वीज आल्यावर दार आपोआप सरकेल का? पॅनलला दिवे लागलेले पाहून स्वच्छ बाजूचं माणूस काय करील? टाकीतलं गरम पाणी कुठे जाईल? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मला माहीत नव्हतं आणि तरीही माझा हात गेला होता. तेवढ्या क्षणापुरता मामांचा जीव माझ्या लेखी एका केसच्या उशिराहून हलका होता. हे वाक्य मी आजवर अनेकदा मनात फिरवून पाहिलं, सौम्य करायचा प्रयत्न केला. ते सौम्य होत नाही.

मामा पूर्वी चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होते. तिथली शिस्त त्यांनी साध्या शब्दांत सांगितली: जो आत जाईल, त्याने आपलं कुलूप लावायचं आणि चावी आपल्यापाशी ठेवायची. आमच्या आयसोलेटरच्या मुठीला एक भोक आहे. ते कशासाठी, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मामांनी पहिल्या दिवशी ओळखलं आणि स्वतःच्या पैशांनी कुलूप आणलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या मशीनच्या आत शिरले. भिंती अजून गरम होत्या, जमीन निसरडी. जाळीत गॉजचे धागे, सुईच्या वेष्टनांचे तुकडे, सेटच्या लेबलांचा लगदा आणि एका पेशंटच्या मनगटावरचा प्लास्टिकचा पट्टा. आर्मच्या नोझलवर टँकरच्या जड पाण्याची पांढरी खपली जमली होती. आणि वर, हात पुरणार नाही अशा उंचीवर, लाल दोरीची गुंडाळी बांधलेली होती. आत कुणी अडकलं तर ओढायची ती दोरी. ती ओढली की मशीन थांबतं. ट्रॉल्यांना अडकते म्हणून ती वर बांधून टाका, असं कुणी सांगितलं होतं? मीच सांगितलं होतं.

मामांनी त्या दोरीबद्दल कधी तक्रार केली नाही. मी ऐकून घेणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर मी नियम पुन्हा वाचले. दर नियमामागे काय घडू शकतं, हे पाहत वाचले. ट्रॉली तिरकी ठेवायची ती पाणी निथळावं म्हणून; नाहीतर कप्प्यात साचलेलं कढत पाणी स्वच्छ बाजूच्या माणसाच्या पायावर येतं. खपली काढायचं ॲसिड आणि हायपोक्लोराइट एका बादलीत गेलं की क्लोरीन वायू सुटतो; आमच्याकडे दोन्हींचे कॅन शेजारी शेजारी असत. दार लावण्याआधी आत बघायचं. 2020 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या एका संशोधन केंद्रात दोन माकडं पिंजऱ्यातच राहून गेली, पिंजरा वॉशरमध्ये गेला आणि दोन्ही दगावली. हे वाचल्यावर 'आत बघा' या दोन शब्दांना मी परत कधी औपचारिकता म्हटलं नाही.

बायोमेडिकलच्या इंजिनिअरने आणखी एक गोष्ट दाखवली: नुसती वीज बंद करून भागत नाही. आमच्या टाकीला वाफेची लाइन आहे. तिच्या व्हॉल्व्हलाही कुलूप हवं, आणि आतलं पाणी निवेपर्यंत थांबायला हवं. हे मामांनाही माहीत नव्हतं. अनुभवी माणसालाही सगळं माहीत नसतं, हे मला तेव्हा दुसऱ्यांदा कळलं.

आता दोरी खाली आहे. ट्रॉल्या तिला अडकू नयेत म्हणून आम्ही त्या एकेक करून आत घेतो. जाळी रोज पाळीच्या सुरुवातीला निघते, त्यामुळे डागाळलेल्या ट्रॉल्याही कमी येतात. मशीन चालवणाऱ्या प्रत्येकाला नावाचं कुलूप आहे. ओटीला अधूनमधून उशीर होतो आणि ते फोन मी घेते. मी पूर्ण बदलले, असा माझा दावा नाही. फोनवर आवाज चढला की पोटात तीच जुनी घाई उसळते.

म्हणूनच, प्रत्येक कुलपाची डुप्लिकेट चावी इन-चार्जकडे असावी असं ठरत होतं, तेव्हा मी विरोध केला. कुणी चावी घेऊन घरी गेलं तर त्याला परत बोलावू, तोवर मशीन बंद राहील, असं मी लिहून दिलं. कारण विचारलं गेलं. मी खरं तेच सांगितलं: घाईत माझा हात कुठे जातो, ते मी पाहिलेलं आहे. आत माणूस असताना ती चावी माझ्याकडे असता कामा नये.