आबनेकची तालीम

22 जानेवारी
आज फ्रांस्वा-आंत्वान आबनेकचा जन्मदिवस. 1781 साली, फ्रान्सच्या ईशान्येला मेझिएर गावी. आमच्या श्रवण मंडळात लवकरच बीथोव्हनच्या सिंफनी लागोपाठ ऐकायच्या आहेत आणि सुरुवातीला थोडं बोलायचं काम माझ्याकडे आहे. मंडळी व्हिएन्नाबद्दल ऐकायच्या तयारीने येतील. मला बोलायचंय पॅरिसबद्दल, कारण या सिंफनी कशा वाजवायच्या हे त्या काळी जगाला दाखवलं ते पॅरिसमधल्या एका ऑपेरावाल्याने.

वडील मूळचे मानहाइमचे, लष्करी बँडमध्ये वादक. व्हायोलिनचे पहिले धडे त्यांचेच. मग पॅरिसचं कॉन्झर्व्हातोआर, तिथे व्हायोलिनवादक बायोसारखा गुरू, 1804 मध्ये पहिलं पारितोषिक आणि त्यानंतर ऑपेराच्या वाद्यवृंदात खुर्ची. पुढची चाळीसेक वर्षं ऑपेराशी असलेला संबंध सुटला नाही: वादक, व्यवस्थापक, मग मुख्य संचालक.

25 जानेवारी
आबनेक हे नाव काढलं की जाणकार लगेच तपकिरीवर येतात. तो प्रसंग आज संगीतकार बेर्लिओझच्या आत्मचरित्रात पुन्हा वाचला.

5 डिसेंबर 1837. अल्जीरियात कॉन्स्तांतीनच्या वेढ्यात मारल्या गेलेल्या जनरल दामरेमाँसाठी पॅरिसमधल्या आँव्हालीदच्या चर्चमध्ये प्रार्थना होती आणि तिथे बेर्लिओझचं ‘रेक्विएम’ पहिल्यांदा वाजणार होतं. सरकारी समारंभ म्हणून संचालन आबनेककडे. बेर्लिओझला ते मनापासून रुचलं नव्हतं. ‘तूबा मीरूम’ सुरू होताना चार दिशांचे चार ब्रास बँड एकामागून एक आत येतात आणि लय एकदम निम्म्यावर उतरते. शेकडो माणसांनी संचालकाच्या हातातल्या काठीकडे बघावं असा तो क्षण. नेमक्या त्या क्षणी आबनेकने काठी खाली ठेवली, खिशातून डबी काढली आणि शांतपणे चिमूटभर तपकीर ओढली, असं बेर्लिओझ लिहितो. बेर्लिओझ स्वतः मागेच दबा धरून उभा होता. उडी मारून पुढे आला आणि चार मोठे ठोके स्वतःच्या हाताने देत त्याने भाग तडीला नेला.

लिहिलंय असं की वाचताना हात घामेजतात. हे असंच घडलं का, याविषयी अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. घडलं असेलही. तपकीर ओढणारा माणूस होता, वय छप्पन, आणि वाद्यवृंद आपला आपण चालतो असा विश्वास वाटावा इतकी वर्षं त्याने तो चालवलेला. पण एवढ्या मोठ्या कारकिर्दीतून लोकांच्या लक्षात फक्त चिमूटभर तपकीर उरावी, याचा मला खरंच राग येतो. लेखणी बेर्लिओझकडे होती. आबनेकने आठवणी लिहिल्या नाहीत, त्याने लिहिलं ते व्हायोलिन शिकण्याचं पुस्तक.

29 जानेवारी
आज थिएटरच्या कारभाराची टिपणं काढली.

13 फेब्रुवारी 1820 च्या रात्री ऑपेरातून बाहेर पडताना राजघराण्यातल्या ड्यूक द बेरीवर दारातच सुरीचा वार झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. सरकारने ते थिएटर कायमचं बंद केलं आणि पुढे पाडून टाकलं. व्यवस्थापक होता व्हिओत्ती, व्हायोलिनच्या दुनियेतला देवमाणूस. बेघर झालेली ऑपेरा त्याला सावरली नाही आणि 1821 मध्ये त्याच्या जागी आला आबनेक. त्याच वर्षी 16 ऑगस्टला ल पेल्तिए रस्त्यावरचं नवं थिएटर उघडलं. जुन्याचं सामान वापरून घाईघाईत बांधलेली ती तात्पुरती सोय, पण 1873 मध्ये आगीत जळेपर्यंत पॅरिसची ऑपेरा तिथेच नांदली.

व्यवस्थापक म्हणून त्याच्या हातात फार काही नव्हतं. ऑपेरा राजाच्या खासगी खात्याच्या ताब्यात. कोणतं नाटक घ्यायचं, कोणाला किती पगार द्यायचा, सगळ्यावर वरून नजर. दरबारी माणसं, गायिकांचे आश्रयदाते, बॅलेचे उस्ताद, शिवाय कर्ज. तीन वर्षांत तो त्या खुर्चीतून उठला. 1824 मध्ये वाद्यवृंदाची काठी हातात आली, कॉन्झर्व्हातोआरमध्ये इन्स्पेक्टरची जागा मिळाली, पुढच्याच वर्षी तिथले व्हायोलिनचे वर्गही. काही ठिकाणी ही पदावनती म्हणून लिहिलेली आढळते. मला तसं वाटत नाही. तो आपल्या कामावर परतला.

6 फेब्रुवारी
1822 साली आजच्याच तारखेला ल पेल्तिएच्या रंगमंचावर पहिल्यांदा गॅसचा प्रकाश पडला. खेळ ‘अलादीन आणि जादूचा दिवा’. संगीतकार इझुआर रचना अर्धवट सोडून वारलेला, ती पुरी करायला घेतलेला बेनिनकोरीही प्रयोगाआधीच गेला. तुकडे जोडणाऱ्यांत आबनेकही होता. कारभार त्याचा, काही सूरही त्याचे. जादूच्या दिव्याच्या गोष्टीसाठी नवा उजेड राखून ठेवायची कल्पना कोणाची होती कोण जाणे, पण थिएटरची नस कळणाऱ्याचीच.

8 फेब्रुवारी
आबनेक 1849 मध्ये आज गेला. पॅरिसमध्येच.

11 फेब्रुवारी
पॅरिसला शिकणाऱ्या भाचीला कॉन्झर्व्हातोआरचं जुनं सभागृह बघून यायला सांगितलं होतं. रात्री फोन आला. “मावशी, केवढंसं आहे गं! मला वाटलं राजवाडा असेल.” 1811 मध्ये उघडलेलं ते लाकडी सभागृह अजून उभं आहे, आता तिथे नाट्यशिक्षणाची सरकारी संस्था आहे. तिने विचारलं, इथे एवढा मोठा वाद्यवृंद मावत कसा होता? दाटीवाटीने. त्या छोट्या लाकडी जागेत स्वर घुमत न राहता स्पष्ट येतो, आणि चुकाही तितक्याच स्पष्ट. चुका झाकायला तिथे जागाच नाही.

ल पेल्तिए रस्त्यावर मात्र ऑपेराची खूण सांगणारं तिला काही दिसलं नाही.

16 फेब्रुवारी
ऑपेराचे खेळ असत सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिथल्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यात बसून आबनेकने काय काय पहिल्यांदा उभं केलं, त्याची यादी करायला बसले आणि थक्क झाले. रोसिनीचं ‘गियोम तेल’ 1829, मायरबेरचं ‘रोबेर ल द्याब्ल’ 1831, आलेव्हीचं ‘ला ज्वीव्ह’ 1835, पुन्हा मायरबेरचं ‘ले ह्यूगनो’ 1836. ‘ग्रँड ऑपेरा’ म्हणून सगळ्या युरोपने जिची नक्कल केली, तिची ही मूळ प्रत.

त्या काळी पॅरिसच्या ऑपेरात संचालक बसायचा रंगमंचाला अगदी खेटून, तोंड गायकांकडे, पाठ आपल्याच वादकांकडे. वाद्यवृंद मागे. म्हणजे वादकांवर नजरेने वचक ठेवायची सोयच नाही. जे शिकवायचं ते तालमीत शिकवून ठेवलेलं हवं. ‘रोबेर’च्या पहिल्या रात्री, 21 नोव्हेंबरला, त्याच्या डोळ्यांपुढे काय काय घडलं! दिव्यांची एक पट्टी वरून कोसळली. ढगांचा पडदा सुटून पडला आणि थडग्यावर निजलेली नर्तकी ताग्लिओनी थोडक्यात बचावली. शेवटच्या अंकात सैतान झालेला लव्हासर चोरदारातून पाताळात उतरायचा होता आणि नायक नूरीने पृथ्वीवर राहून लग्न करायचं होतं. भूमिकेत रंगलेल्या नूरीने सैतानामागोमाग स्वतःही उडी घेतली. खालच्या गाद्या अजून काढल्या नव्हत्या म्हणून वाचला. तो वर परत आलेला दिसला तेव्हा कुठे प्रेक्षकांच्या जिवात जीव आला. आणि एवढं होऊनही खेळ प्रचंड गाजला.

खड्ड्यातली माणसंही एकेक. व्हायोला वाजवणारा युराँ इतका धार्मिक की नर्तकी दिसू नयेत म्हणून रंगमंचाकडे बघायचाच नाही, असं सांगतात. ‘ले ह्यूगनो’च्या पहिल्या अंकात नायकाच्या गाण्याला व्हायोला दामूरची साथ आहे, ती याचीच.

20 फेब्रुवारी
आज मुख्य गोष्ट.

22 नोव्हेंबर 1826, संगीतकारांची संरक्षक संत सिसिलिया हिचा सण. आबनेकने ऑपेरातल्या सहकाऱ्यांना घरी जेवायला बोलावलं आणि येताना वाद्यं आणा म्हणून सांगितलं. मंडळी आली तो स्टँडवर ‘इरोइका’चे कागद मांडलेले. बीथोव्हन हे त्यांना नवं नव्हतं. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांत आबनेकनेच वीस वर्षांपूर्वी त्याच्या सिंफनी वाजवायला सुरुवात केली होती, पण पॅरिसने त्या विचित्र ठरवून बाजूला टाकल्या होत्या. त्या दिवशी वाजवता वाजवता जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी मादाम आबनेकने बीथोव्हनची शपथ घालून सगळ्यांना पानावर बसवलं, अशी आठवण त्याच वर्तुळातल्या एल्वारने पुढे नोंदवली आहे.

फेब्रुवारी 1828 मध्ये सरकारी मंजुरीने ‘सोसिएते दे काँसेर’ स्थापन झाली, कॉन्झर्व्हातोआरच्या आजी-माजी मंडळींची. कॉन्झर्व्हातोआरचा प्रमुख केरुबिनी हा इथेही नावाने प्रमुख, काम आबनेकचं. पहिला कार्यक्रम रविवार, 9 मार्च, आणि आरंभीच ‘इरोइका’. बीथोव्हनला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. म्हणजे आठवड्यात तीन रात्री ऑपेरा, आणि त्यातल्याच कितीतरी वादकांसह रविवारी दुपारी सिंफनी. मधल्या वेळात तालमी.

एप्रिलमध्ये पाचवी सिंफनी झाली. बेर्लिओझने आपल्या वृद्ध गुरूला, ल स्यूअरला, ती ऐकायला लावली. बाहेर आल्यावर म्हातारा इतका हादरला होता की टोपी घालायला गेला तर स्वतःचं डोकं सापडेना. हेही बेर्लिओझनेच लिहिलंय. म्हणजे ज्या अनुभवाने बेर्लिओझ बेर्लिओझ झाला तो त्याला मिळाला आबनेकच्या हातून. 1830 च्या 5 डिसेंबरला त्याच सभागृहात बेर्लिओझची ‘सिंफनी फांतास्तिक’ पहिल्यांदा वाजली, तेव्हाही संचालक हाच. तपकिरीचा किस्सा रंगवणाऱ्यांनी हेही सांगावं.

23 फेब्रुवारी
एरवी तो संचालन करी ते व्हायोलिनच्या गजाने. समोर संपूर्ण स्वरलिपी नसायची. असायचा पहिल्या व्हायोलिनचा भाग, आणि त्यावर बारीक अक्षरांत इतर वाद्यं कुठे शिरतात त्याच्या खुणा. बेर्लिओझला हे अपुरं वाटे आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण यातून आबनेक कुठल्या बाजूने संगीताकडे येई ते कळतं. तो गज धरलेल्या माणसाच्या बाजूने येई. गजाची ओढ कुठे वळली की वाक्य तुटतं, कुठे दाब कमी केला की सूर टिकतो, हे त्याला हाताने ठाऊक. आपल्याकडे संगीत नाटकाच्या तालमीत ऑर्गनवाला नटाच्या श्वासाबरोबर पट्टी धरून बसतो आणि पद एकदाचं गळ्यात बसेपर्यंत उठत नाही, तीच जात.

नववी सिंफनी पॅरिसमध्ये पहिल्यांदा झाली 27 मार्च 1831 ला. 1839 मध्ये कफल्लक वाग्नर पॅरिसला आला आणि या वाद्यवृंदाची तालीम ऐकून चकित झाला. जर्मनीत ही सिंफनी त्याने गोंधळलेलीच ऐकली होती. पुढे संचालनावरच्या निबंधात त्याने आबनेकला मोकळेपणाने श्रेय दिलं: तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत तालमी चालू ठेवून या माणसाने प्रत्येक वादकाकडून त्यातलं गाणं गाऊन घेतलं. सतत चालणारं ते गाणं सापडलं की लय आपोआप सापडते, हे वाग्नर तिथे शिकला. आबनेककडे प्रतिभा नव्हती, हेही तो लिहितो. मला ते खटकत नाही. तीन हिवाळे एकच पान पुन्हा वाजवायला लावणं, वादक कंटाळू न देणं, आणि तेही ऑपेराची रात्रपाळी सांभाळून, ही माझ्या लेखी प्रतिभाच आहे. मंडळात मी हेच सांगणार आहे.

27 फेब्रुवारी
त्याचे दोष टाळून बोलायचं नाही, म्हणून तेही उतरवते. 1838 मध्ये बेर्लिओझचा ‘बेन्वेनुतो चेलिनी’ ऑपेरात आपटला. त्यातल्या साल्तारेलोची धाव आबनेकला पेललीच नाही, ही बेर्लिओझची तक्रार. बीथोव्हनवर तो कात्रीही चालवी. सुरुवातीच्या काळात दुसऱ्या सिंफनीचा संथ भाग काढून त्या जागी सातव्या सिंफनीतला आलेग्रेत्तो घातला, आणि श्रोत्यांनी तो पुन्हा वाजवायला लावला! पाचवीच्या स्केर्झोत आरंभीचे डबल बास त्याला नकोसे वाटायचे, म्हणून वर्षानुवर्षं तो ते गप्प ठेवी, हीही बेर्लिओझची तक्रार.

1846 मध्ये ऑपेराची काठी जिरारकडे गेली. सोसिएतेचं काम त्याने शक्य तेवढं आणखी ओढलं. शिष्य मात्र पुष्कळ ठेवून गेला: आलार, लेओनार, आणि काही काळ त्याच्याकडे व्हायोलिन शिकलेला लालो.

आज दुपारी पाचवीचा स्केर्झो मुद्दाम दोनदा ऐकला. चेलो आणि डबल बास खालून हळूच वर येतात, दबक्या पावलांनी. बास काढले तर खालची जमीनच जाईल. इथे मी पूर्णपणे बेर्लिओझच्या बाजूची. आबनेकला लाकडी सभागृहात तो स्वर घोगरा लागत असेल, तरी काढायला नको होता.

मंडळात उद्या दुसरी सिंफनी लावायची आहे, तिच्या स्वतःच्या लार्गेत्तोसकट.