खांबांवरच्या दोन शेवंत्या

आमच्या आत्याचं अंगण मोजायला फारसा वेळ लागत नाही. लांबी बारा फूट, रुंदी नऊ फूट. पुण्यातल्या एका जुन्या, बैठ्या सोसायटीत तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या आहेत. त्यांच्या पुढ्यात, दक्षिणेच्या बाजूला, फरशी घातलेला हा एवढासा तुकडा. पलीकडे सहा फुटांची भिंत, भिंतीत छोटं फाटक, फाटकाला दोन रुंद खांब आणि खांबांना जोडणारी लोखंडी कमान. संपलं अंगण!

२०२४ च्या गणपतीनंतर दारातून अंगणात उतरताना आत्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन रोज चालायचं. आत्या चालायची, पण कुठे? पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. अंगणाच्या बाजूला तोंडसुद्धा करायची नाही. पलंग खिडकीशीच होता, पण खिडकीत उभं राहिलं की खाली ती पायरी दिसते. बाकी कोणी काही बोललं नाही, पण माझ्या पुतणीने हे बरोबर हेरलं. ती सहावीत आहे. अशा गोष्टी सहावीतल्यांनाच आधी कळतात, असा माझा अनुभव आहे.

दिवाळीच्या सुटीत पुतणी आणि तिचा नववीतला भाऊ आत्याकडे राहायला आले. आत्याचा पावसाळ्यातला सगळा बागबगीचा कुजून गेला होता. कुंड्यांत शेवाळ, एका डब्यात नुसतं गवत. पोरांनी ठरवलं की आत्याआजीला पलंगावरून फुलं दिसली पाहिजेत. मग दोघं आळीपाळीने तिच्या उशीवर डोकं टेकून पाहायला लागले की इथून नेमकं काय दिसतं. अंगणाची फरशी अजिबात दिसत नव्हती. दिसत होता भिंतीचा वरचा भाग आणि फाटकाचे ते दोन खांब.

"काका, खांबांवर कुंड्या ठेवायच्या," थोरल्याने जाहीर केलं. "आणि बाकीच्या खाली, उन्हात."

आता हे "उन्हात" म्हणणं सोपं आहे. पण ऊन कुठे आहे, ते आधी शोधावं लागतं. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्याही थोडा उत्तरेला असतो. मग तो दक्षिणेकडे कलायला लागतो आणि २२ डिसेंबरच्या सुमाराला दुपारीसुद्धा जेमतेम ४८ अंशांवर येतो. म्हणजे दक्षिणेला भिंत असली की हिवाळ्यात तिची सावली लांबच लांब पसरते. पोरांनी दुपारी साडेबाराला खडूने सावलीच्या कडेवर रेघ मारली. दिवाळीत सावली जवळजवळ चार फूट भरली. मी गणित करून दाखवलं, की नाताळात ती साडेपाच फुटांच्या जवळ जाईल. नवातून साडेपाच गेले, उरले साडेतीन! म्हणजे आज अंगणाच्या मधोमध ठेवलेली कुंडी महिन्याभरात अंधारात जाणार. भर थंडीतलं दुपारचं ऊन फक्त खिडकीखालच्या अरुंद पट्टीत राहणार.

जमिनीत लावलेल्या झाडाला हे कळून उपयोग नाही, ते बिचारं कुठे जाणार? कुंडीचं तसं नसतं. ऊन सरकलं की तीही सरकते, म्हणजे आपण सरकवतो. लहान अंगणाला कुंड्याच का हव्यात, ते त्या खडूच्या रेघेने मला नव्याने शिकवलं.

रोपं आणायला आम्ही सोलापूर रस्त्याने निघालो. हडपसरहून बस पकडली की मांजरी, कवडीपाट, लोणी काळभोर, कुंजीरवाडी अशी गावं येत जातात. हळूहळू रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या जाळ्या दिसायला लागतात, आणि सोरतापवाडी ते उरुळी कांचन या भागात तर रोपवाटिकांना रोपवाटिका लागलेल्या. (हेच ते उरुळी कांचन, जिथे १९४६ साली महात्मा गांधी आले आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला.) खडकवासल्याहून निघालेला कालवा याच बाजूने पुढे इंदापूरकडे जातो. पाणी आहे, पुणं जवळ आहे आणि हमरस्ता दाराशी आहे. रोपांच्या धंद्याला आणखी काय लागतं?

आम्ही सोरतापवाडीला उतरलो. एका जाळीखाली शिरलो आणि पोरं गप्पच झाली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भाजत होतं, आत हिरवट सावली आणि ओल्या मातीचा वास. खणाखणांच्या काळ्या ट्रेमध्ये नारळाच्या सोडणाच्या भुशात बोटभर रोपं उभी होती, हजारोंनी. पिटुनिया, डायन्थस, फ्लॉक्स, साल्व्हिया, पॅन्सी. या सगळ्या थंडीच्या पाहुण्या. थंड देशांत हिवाळ्यात बागा झोपतात, आपल्याकडे मात्र त्या याच दिवसांत जाग्या होतात. उन्हाळा या नाजूक रोपांना भाजतो, पावसाळा कुजवतो. राहिलं काय, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेवढ्यात त्यांना वाढून फुलून घ्यायचं असतं.

पुतणीने फुलांनी लगडलेलं पिटुनियाचं रोप उचललं. पिशव्यांत माती भरत बसलेल्या मावशी हसल्या.

"फुलं बघून नको घिऊ, बाय. फुलं हितंच सांडत्याल. बुडाकडनं भरल्यालं घे, ज्याला चार फांद्या फुटल्यात."

बारकं, बसकं, दिसायला काहीच नसलेलं रोप घ्यायचं हे पुतणीला पटेना. पण घेतलं. अशी बारा रोपं घेतली.

शेवंती मात्र जाळीबाहेर, उघड्यावर होती. तिच्या वाफ्यांवरून तारा ओढलेल्या आणि तारांवर ओळीने विजेचे दिवे टांगलेले! भर दुपारी बंद होते, पण होते. थोरल्याला वाटलं, दिवाळीची रोषणाई असेल. मावशी म्हणाल्या, "रोषणाई कसली? रात्री दिवं लावलं की शेवंतीला वाटतं, दिस अजून मोठाच हाय. मग ती कळी धरीत न्हाई, नुसती वाढती. फुलं आपल्याला पायजे तवा दिवं बंद करायचं."

दिव्याखालच्या, अजून एकही कळी न धरलेल्या सहा शेवंत्या आम्ही घेतल्या. सगळ्या पिवळ्या, असं मावशींनी सांगितलं.

परतीच्या बसमध्ये दोन क्रेट मांडीवर घेऊन बसलेल्या पोरांकडे सगळे प्रवासी पाहत होते. घरी आल्यावर कामाला जुंपलो. मातीच्या नव्या कुंड्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्या, नाहीतर त्या मातीतलं पाणी स्वतःच पिऊन टाकतात. भोकावर फुटक्या कुंडीची खापरी पालथी ठेवली, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग नारळाचा भुसा. कुंडी काठोकाठ भरायची नाही, वर इंचभर जागा पाण्याला ठेवायची. आत्या पलंगावरून ओरडत होती, "अरे, शेण ताजं नाही ना? मुळं जाळाल!" महिन्याभरात पहिल्यांदा तिचा आवाज इतका चढला होता.

चार शेवंत्या आणि सगळी छोटी रोपं खिडकीखालच्या पट्टीत विटांवर मांडली. उरलेल्या दोन शेवंत्या खांबांवर चढवल्या, वाऱ्याने पडू नयेत म्हणून तारेने कमानीला बांधल्या. तिथे भिंतीची सावली पोचतच नाही, दिवसभर लख्ख ऊन. अंगणातल्या सगळ्यात उत्तम जागा! आणि पलंगावरून थेट दिसणाऱ्या.

सुटी संपली, तरी पोरं दर रविवारी येत राहिली. माती बोटाने चाचपायची, कोरडी लागली तरच सकाळी पाणी. शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा आला, तर साबणाचं पाणी फवारायचं. दर आठवड्याला सावलीची नवी रेघ आणि कुंड्या अर्धा वीत मागे. नोव्हेंबरच्या शेवटी पिटुनिया फुलला, डायन्थस फुलला. खालच्या चारही शेवंत्यांना हिरवे मणी लागले. म्हणजे कळ्या.

खांबांवरच्या दोघींना मात्र काही नाही. तरारल्या होत्या, उंच झाल्या होत्या, पण कळीचा पत्ता नाही. खत कमी पडलं म्हणून थोरल्याने खत घातलं. नुसती पानं वाढली. पुतणी रडकुंडीला आली. ज्या दोन आत्याआजीसाठी, नेमक्या त्याच वांझोट्या निघाव्यात?

कोडं सोडवलं ते आत्यानेच. तिला रात्री झोप लागत नव्हती. पलंगावर पडून ती तासन् तास त्या दोन झाडांकडे पाहत असे, कारण दुसरं काही दिसतच नव्हतं. एका रविवारी ती पोरांना म्हणाली, "त्या सोरतापवाडीच्या दिव्यांचं काय सांगत होतात रे तुम्ही? अरे, आपल्या कमानीवर दिवा नाही का? तो मेला त्या दोघींना रात्रच होऊ देत नाही. मला निदान डोळे तरी मिटता येतात."

आम्ही बाहेर धावलो. खरंच की! कमानीच्या मधोमध सोसायटीचा दिवा, वर पत्र्याची टोपी, त्यामुळे सगळा उजेड खाली खांबांवर. संध्याकाळी सातला लागतो तो पहाटेपर्यंत. खिडकीपाशी येईतो तो उजेड अगदी मंद होत होता, म्हणून खालच्या चौघी सुटल्या. दिवसा सगळ्यात उत्तम असलेली जागा रात्री सगळ्यात वाईट होती.

शेवंती अशीच आहे. ती ऊन खाते, पण कळी धरायची की नाही हे ठरवते रात्रीच्या अंधारावरून. पुण्यात जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरमध्ये अकरा तासांचा. रात्र पुरेशी लांब झाली की ती ओळखते, थंडी आली. ही गोष्ट अमेरिकेतल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० साली जगापुढे मांडली. त्यांच्याकडे एक तंबाखूची जात होती, ती उन्हाळ्यात फुलतच नसे. १९१८ च्या जुलैत त्यांनी तिच्या कुंड्या रोज दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत अंधाऱ्या खोपट्यात ठेवल्या, आणि ती भर उन्हाळ्यात फुलली. झाडं कुंडीत होती म्हणून हा प्रयोग झाला, हे ऐकून आमच्या पोरांना फार अभिमान वाटला, जणू कुंड्या त्यांनीच पुरवल्या होत्या.

पण आता करायचं काय? दिवा बंद करता येईना, वरच्या मजल्यावरची माणसं रात्री उशिरा कामावरून येतात. थोरला म्हणाला, रोज संध्याकाळी झाडांवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालायचं. पण रोज स्टुलावर चढणार कोण? एकच उपाय उरला, त्या दोन्ही कुंड्या खाली आणायच्या. आणि तो कोणीच बोलून दाखवेना.

"खाली आणा," आत्या म्हणाली.

"अगं, पण मग तुला दिसणार कशा?" पुतणीने विचारलं.

"दिसतील. आणा तुम्ही."

१ डिसेंबरला दोन्ही शेवंत्या खांबांवरून उतरून विटांवर, बाकीच्यांच्या ओळीत आल्या. आम्ही निघताना आत्या वॉकर घेऊन खिडकीशी उभी होती. दोन मिनिटं उभी राहिली असेल. खाली बघून म्हणाली, "ती डावीकडची कुंडी अजून वीतभर इकडे घ्या. नाताळात सावलीत जाईल." घेतली.

खालच्या चौघी नाताळात फुलल्या. पिवळ्याधमक. उतरवलेल्या दोघींना डिसेंबर सरता सरता मणी लागले. जानेवारीभर पुतणी फोनवर एकच प्रश्न विचारायची आणि आत्या एकच उत्तर द्यायची, "अजून मिटलेल्या आहेत."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. चिडलेली होती.

"फसवलं हो त्या बाईने. एक पिवळी आहे, पण दुसरी चक्क जांभळी निघाली. आतल्या पाकळ्या तर मागून पांढऱ्या आहेत!"

"पाकळ्या मागून कशा आहेत ते तुला खिडकीतून दिसलं?" मी विचारलं.

"खिडकीतून कशाला?" आत्या म्हणाली. "पायरीवर बसलेय मी."