तावाचा काठ

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आणि अण्णांचं बोट धरून पोस्टाची पायरी चढली की आधी नाकात शिरायचा तो लाखेचा वास, मागोमाग टपालाच्या थैल्यांचा दमट वास, आणि खिडकीशी पोचेपर्यंत, जिच्यात साऱ्या गावाची बोटं बुडालेली असत, त्या खळीचा आंबूस वास. आतले बाबू तिकिटांचा अख्खा ताव ओढत, भोकांच्या रेघेवर घडी घालत, घडीवरून नख फिरवत आणि फाडत. ती टर्र अजून कानात आहे बघा. चार आण्याच्या तिकिटावर कोंबडीचं पिल्लू, आठ आण्याच्या तिकिटावर दूधदुभतं, रुपयावर चक्क कापूस! आपल्या काळ्या मातीतलं पीक नाशिकच्या छापखान्यातून असं डिंक लावून परत येतं, याचं अण्णांना भारी कौतुक.

रिसोडच्या आत्याच्या पाकिटाला पन्नास पैसे लागत, म्हणजे दोन पिल्लं. पण आत आईनं पापडाची कृती लिहून घुसडलेली असली की अण्णा पाकीट तळहातावर तोलत आणि तिसरं पिल्लू चिकटवत, कारण पत्र बैरंग झालं तर कमी पडलेल्याच्या दुप्पट पैसे आत्याला मोजावे लागणार, आणि बहिणीच्या दारी असं मागायला जाणं त्यांना मरणाचं वाटे.

त्यांचा खरा जीव मात्र तावाच्या काठावर. तिकिटं विकून उरलेली ती कोरी पांढरी पट्टी, मागे डिंक, किंमत काहीच नाही. बाबू हसून देऊन टाकत. अण्णा ती जिभेच्या टोकानं ओलवत, नि त्या गोडसर-कडवट चवीनं तोंड वाकडं करत माझी पाढ्यांची वही सांधत, फाटकी दोनाची नोट सांधत, आईच्या पोथीचं उसवलेलं पान सांधत.

अण्णा गेले त्याला बरीच वर्षं झाली. चार आण्याचं नाणंही 2011 साली चलनातून गेलं. आता पोस्टात पाकिटावर बारकोडची चिठ्ठी डकवतात, जिभेचं काम उरलं नाही. परवा त्यांचा बिस्किटाचा डबा उघडला, तर कुठल्याशा पावसाळ्यात उरलेली पिल्लं एकमेकांना घट्ट चिकटून बसलेली. सोडवायला गेलो असतो तर फाटली असती. तशीच ठेवली.

पोथीतली पट्टी पिवळी पडली आहे. सुटलेली नाही.